कुंडीतल्या बुटक्या कलांचोचा इतिहास

ऐन बहरात विकत आणलेले कलांचोचे बुटके, गच्च रोप पहिली फुले गळल्यावर लांबट आणि विरळ होते व पुढे महिनोन्महिने कळी धरत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. तिचे उत्तर खतांपेक्षा या रोपाच्या इतिहासात अधिक सापडते.

आज कुंड्यांतून दिसणाऱ्या बहुतेक संकरित वाणांचे मूळ कलांचो ब्लॉसफेल्डियाना या उत्तर मादागास्करमधील जातीत आहे. पोट्सडाम येथील बियाणे व्यावसायिक रोबर्ट ब्लॉसफेल्ड यांनी १९३२ मध्ये ती जर्मनीत प्रचारात आणली आणि १९३४ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन करताना कार्ल फोन पोएलनित्स यांनी तिला त्यांचे नाव दिले. मूळ जातीची फुले लाल. पिवळ्या, केशरी, गुलाबी आणि पांढऱ्या छटा पुढच्या निवडीतून व संकरांतून आल्या. या कामात नेदरलँड्स आणि डेन्मार्कमधील रोपवाटिकांनी मोठा वाटा उचलला, आणि या शतकाच्या आरंभी ‘कलांडिव्हा’ ही दुहेरी पाकळ्यांची मालिका लोकप्रिय झाली.

रंगांपेक्षा महत्त्वाचा ठरला तो फुलण्याच्या वेळेवर मिळालेला ताबा. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी संशोधकांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरील प्रयोगांतून दाखवून दिले होते की काही वनस्पतींचा बहर दिवसाच्या लांबीवर ठरतो. कलांचो हा लहान दिवसांच्या, म्हणजे दिवस लहान आणि रात्र लांब झाल्यावर फुलणाऱ्या, वनस्पतींपैकीच एक निघाला, आणि जर्मनीत रिखार्ड हार्डर यांनी त्यावर केलेल्या अभ्यासामुळे तो प्रयोगशाळांतही परिचित झाला. विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या त्याच्या मूळ प्रदेशात वर्षभरात दिवसाची लांबी दोन तासांपेक्षाही कमी बदलते. तेवढी खूण या रोपाला पुरते. उत्पादकांनी याचाच उपयोग केला. सुमारे सहा आठवडे रोज चौदा तास काळ्या कापडाखाली रोपे झाकली की वर्षाच्या कोणत्याही महिन्यात फुले काढता येतात. शेंडे खुडणे आणि वाढ रोखणारी द्रव्ये फवारणे हीही तिथली सर्रास पद्धत आहे. म्हणजे दुकानातला सुबक आकार काही अंशी वाणाचा आणि काही अंशी रोपवाटिकेचा असतो; घरी तो ढळला तर त्यात रोप राखणाऱ्याचा दोष मानण्याचे कारण नाही.

पुन्हा बहर हवा असेल तर सुकलेले तुरे छाटावेत, दिवसा भरपूर उजेड द्यावा आणि रात्रीचा सलग अंधार सांभाळावा. यातला शेवटचा भाग बहुतेकांच्या हातून निसटतो, कारण मध्यरात्री थोडा वेळ लागलेला दिवाही आधीच्या तासांचा अंधार वाया घालवू शकतो. कळ्या दिसू लागल्यावर मात्र झाकण्याची गरज उरत नाही.

पाण्याचा नियम याहून जुन्या निरीक्षणाशी जोडलेला आहे. मद्रास इलाख्यात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन यांनी १८१३ च्या एका पत्रात कळवले होते की याच कुळातील पानफुटीचे पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागते. (चव घेऊन पाहणे तेव्हा शास्त्राचाच भाग होते, या वनस्पतींत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असल्याने आज कोणी तसे करू नये आणि पाळीव जनावरांनाही त्यांपासून दूर ठेवावे.) त्या आंबटपणाचा उलगडा बराच नंतर झाला. ही झाडे पानांवरची रंध्रे मुख्यतः रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात पाण्याचा व्यय फार कमी होतो. म्हणून माती कोरडी झाल्यावरच पाणी घालावे आणि कुंडीतील मिश्रण पाण्याचा झटपट निचरा होणारे असावे. कलांचो कोमेजून मरण्यापेक्षा मुळे कुजून अधिक वेळा मरतो.

संकरित वाणांच्या बियांतून तशीच रोपे मिळत नाहीत, त्यामुळे नवे रोप शेंड्याच्या फुले नसलेल्या काडीपासून करावे आणि काप एक-दोन दिवस सुकू देऊन मगच ती लावावी. जुने, उघड्या खोडाचे रोप वाचवत बसण्यापेक्षा हा मार्ग सोपा आहे. मात्र अनेक नव्या वाणांवर पैदासकारांचे हक्क असतात, आणि विक्रीसाठी अशी रोपे वाढवायला त्यांची परवानगी लागते.