विद्यार्थ्यांचं सोशल मीडियावरचं अभिव्यक्ती स्वातंत्र्य

शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी स्वतःच्या अकाउंटवर काय लिहावं, काय शेअर करावं आणि त्यावरून पोलीस किंवा कॉलेज कुठपर्यंत कारवाई करू शकतात, तो हा विषय. भारतात यासाठी वेगळा कायदा नाही. आधार राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ)चा, म्हणजे भाषण आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या हक्काचा, आणि ते सगळ्या नागरिकांना लागू आहे, कॉलेजात ॲडमिशन घेतली म्हणून ते कुठे जात नाही. कलम १९(२) मधली बंधनं मात्र विद्यार्थ्यांनाही आहेतच, म्हणजे अब्रुनुकसानी, सार्वजनिक सुव्यवस्था, देशाची एकात्मता वगैरे.

या विषयाची मोठी लढाई महाराष्ट्रातूनच सुरू झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतर मुंबई बंद होती, त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला, तिच्या मैत्रिणीने तो लाईक केला आणि दोघींना अटक झाली. एका लाईकवरून! त्यांच्यावर लावलेल्यातलं एक कलम होतं आयटी कायद्याचं ६६अ, ज्यात नुसता ‘त्रास’ होईल असा मजकूर टाकला तरी ३ वर्षांपर्यंत कैद होती. हे बघून श्रेया सिंघल ही २१ वर्षांची मुलगी, जी पुढे कायदा शिकली, थेट सुप्रीम कोर्टात गेली. २४ मार्च २०१५ ला कोर्टाने ६६अ पूर्ण रद्द केलं. चर्चा करणं किंवा एखाद्या मताची बाजू घेणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं, मत कितीही नकोसं वाटलं तरी चिथावणीपर्यंत पोचल्याशिवाय ते दाबता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे आणि आजही प्रत्येक केसमध्ये तोच कामाला येतो.

६६अ गेलं तरी अटका थांबल्या नाहीत, कारण बाकीची कलमं आहेतच. मे २०२५ मध्ये पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या १९ वर्षांच्या एका काश्मिरी मुलीने ऑपरेशन सिंदूरबद्दलची दुसऱ्याची पोस्ट इन्स्टाग्रामवर पुढे शेअर केली, मग थोड्या वेळात डिलीट केली, माफीही मागितली, तरी कॉलेजने तिला काढून टाकलं आणि पोलिसांनी अटक केली, आणि ऐन परीक्षेच्या दिवसात ती येरवडा जेलमध्ये. २७ मे रोजी मुंबई हायकोर्टाने सरकारला चांगलंच सुनावलं, जामीन दिला, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसू द्या म्हणून सांगितलं. यातला कॉलेजचा भाग फार महत्त्वाचा, कारण बाजू मांडायची संधीच न देता मुलीला काढलं होतं. पोस्ट चुकीची होती असं धरलं तरी आधी नोटीस, मग खुलासा, मग निर्णय हा क्रम कुठल्याही कॉलेजला पाळावाच लागतो, आणि गडबडीत तोच सगळ्यात आधी मोडला जातो.

फोन-इंटरनेट वापरण्यावरच बंदी घातली तर? २०१९ मध्ये केरळ हायकोर्टाने फहीमा शिरीन केसमध्ये इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला, आणि संध्याकाळी फोन जमा करायचा नियम न पाळल्याने हॉस्टेलमधून काढलेल्या विद्यार्थिनीला परत घ्यायला लावलं.

अमेरिकेत हा प्रश्न जास्त नेमका सुटलाय. तिथे १९६९ च्या टिंकर निकालापासून नियम असा की शाळेचं कामकाज खरंच विस्कळीत होत असेल तरच विद्यार्थ्याचं बोलणं रोखता येतं. २०२१ मध्ये महानॉय केस आली, पेनसिल्व्हेनियातल्या एका मुलीने शनिवारी शाळेबाहेर बसून स्नॅपचॅटवर शाळेला आणि चीअरलीडिंगला शिव्या घातल्या म्हणून तिला वर्षभर टीमबाहेर काढलं होतं. सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ मतांनी मुलीच्या बाजूने निकाल दिला. शाळेत आणि शाळेबाहेर अशी २४ तास शाळेची नजर राहिली तर मुलाला ते बोलायला जागाच उरत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. गंभीर छळ, धमक्या अशा बाबतीत मात्र गेटबाहेरच्या पोस्टवरही शाळेला हात घालता येतो.

भारतात गेटच्या आतलं-बाहेरचं अशी रेषा आखणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल नाही. त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्याला राज्यघटनेच्या कलम २२६ खाली, म्हणजे हक्कांसाठी थेट दाद मागायला, हायकोर्टात जावं लागतं, कॉलेज खाजगी असेल तर मूलभूत हक्क त्याला लागू होतात का यावर आधी वाद घालावा लागतो, आणि तेवढ्यात सेमिस्टरचे पेपर होऊन गेलेले असतात.