व्यस्त फलनाचा विकलज : ‘व्यस्त’ शब्दाचा गुंता

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी माध्यमाची मुलं दहावीपर्यंत ‘व्यस्त’ म्हटलं की गुणाकार व्यस्त समजतात. पाचाचा व्यस्त एक पंचमांश. पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं की सगळं इंग्रजीत होतं आणि ‘इन्व्हर्स फंक्शन’ समोर येतं : मूळ फलन क्षवरून य देतं, तर हे यवरून पुन्हा क्ष देतं. मुलं मनातल्या मनात त्याचं व्यस्त करतात, आणि व्यस्त म्हणजे एक भागिले.

वास्तविक उलट्या पावली मागे जाणं हा व्यस्तचा जुना अर्थ आहे. ११५०च्या सुमाराच्या ‘लीलावती’त व्यस्तविधी आहे : शेवटच्या उत्तरापासून निघायचं, गुणाकाराच्या जागी भागाकार करायचा, वर्गाच्या जागी मूळ काढायचं. त्यालाच विलोमही म्हणत; आपल्याकडच्या कानडी वर्गांत आजही विलोमच चालतं. पुढे १८१३ साली एका तरुण इंग्रज गणितज्ञाने छापील निबंधात व्यस्त फलनासाठी फलनाच्या अक्षराच्या डोक्यावर उणे एक लिहिलं. ती खूण रुळली, पण घातांकासारखी, म्हणजे पुन्हा एक भागिलेसारखी दिसते. माझ्या मते मराठी शब्दापेक्षा तिनेच जास्त मुलं चकवली.

त्यात विकलजाच्या (डेरिव्हेटिव्हच्या, म्हणजे बदलाच्या दराच्या) नियमामध्ये दोन्ही व्यस्त एकत्र येतात : व्यस्त फलनाचा विकलज हा मूळ फलनाच्या विकलजाचा गुणाकार व्यस्त. पण कुठल्या बिंदूपाशी? समजा, य म्हणजे क्षचा घन अधिक क्ष. य २ असताना व्यस्ताचा विकलज हवा आहे. बरीच मुलं मूळ विकलजात, म्हणजे क्षच्या वर्गाची तिप्पट अधिक १ यात, क्ष २ घालतात, १३ येतात, आणि १/१३ लिहून मोकळी होतात. खरं तर य २ होतो तेव्हा क्ष १ असतो. तिथे विकलज ४, म्हणून उत्तर १/४. हे काढायला क्ष यच्या रूपात सोडवून घ्यावा लागत नाही. या नियमाची खरी ताकद तीच.

२०१२-१३पासून पीयूसीला देशपातळीवरचा अभ्यासक्रम आला. त्याच्या पुस्तकात व्यस्त त्रिकोणमितीय फलनांचे विकलज साखळी नियमाने (फलनाच्या आत फलन असताना दोघांच्या विकलजांचा गुणाकार करून) काढलेत. सर्वसाधारण नियम प्रमेय म्हणून मांडलेला नाही. निपाणीहून हायवेने कागलला गेलं की महाराष्ट्राच्या बारावीच्या पुस्तकात तो प्रमेय म्हणून आहे, मूळ विकलज शून्य नसावा या अटीसह. ही अट आपल्या मुलांनाही शिकवायलाच हवी. साखळी नियम वापरताना व्यस्ताला विकलज आहे हे गृहीतच धरलेलं असतं, आणि ते दर वेळी खरं नसतं. नुसत्या घनाचा विकलज शून्यापाशी शून्य होतो. तिथे घनमूळाची स्पर्शिका सरळ उभी राहते आणि विकलज मिळतच नाही.