भिंतीचं वय पायातल्या लाकडात: पेव्हन्सीचा रोमन सागरी किल्ला

जुन्या किल्ल्याचा किंवा देवळाचा फोटो मोबाइलवर फिरत येतो आणि खाली ठाम वाक्य असतं: ‘कार्बन डेटिंगनुसार ही भिंत दहा हजार वर्षं जुनी आहे.’ भिंत दगडाची असेल, तर हा दावा तिथेच निकालात निघतो. कार्बन-१४ ची पद्धत एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंनाच लागू पडते: लाकूड, हाड, कोळसा, धान्य. दगडाने कधी श्वास घेतलेला नसतो. भूशास्त्राच्या इतर पद्धतींनी दगडाचं वय काढलंच, तर ते खडक तयार झाला तेव्हाचं निघेल. गवंड्याने तो केव्हा रचला, हे त्यातून कळणार नाही. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्यामुळे दगडांच्या सांध्यांमधल्या चुन्यावरून वय काढायचे प्रयत्न होतात. पण भट्टीत अर्धवट भाजलेल्या चुनखडीचे कण त्यात राहिले असतील, तर उत्तर भलतंच जुनं येतं.

मग दगडी किल्ल्याची तारीख ठरते कशी? याचं फार चांगलं उदाहरण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ससेक्स परगण्यात आहे. पेव्हन्सीच्या किल्ल्याचं रोमन नाव अँडेरिटम. रोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळातल्या एका अधिकृत यादीत ‘सॅक्सन किनाऱ्या’वरचे नऊ किल्ले दिले आहेत, त्यांतला हा एक. विसाव्या शतकात त्याची तारीख एकदा एका लबाडीने चुकवली, एकदा एका खऱ्याखुऱ्या नाण्याने चुकवली, आणि शेवटी पायातल्या ओकच्या खुंटांनी ती ताळ्यावर आणली.

रोमन किल्ले सहसा चौकोनी असतात. पेव्हन्सीचा लंबगोल आहे, कारण तो समुद्र आणि खाजणाने वेढलेल्या एका छोट्या भूशिरावर बांधला आणि भिंत त्या भूशिराच्या कडेने वळवत नेली. आज समुद्र दीडेक किलोमीटर मागे हटला आहे आणि खाजणाच्या जागी कुरणं आहेत. तटाच्या आतली जागा साधारण चार हेक्टर भरते. पश्चिम दरवाजाकडून आत शिरलं, की दोन्ही हातांना अर्धगोल पुढे आलेले भरीव बुरूज दिसतात. भिंत पायाशी चार मीटरहून जाड आणि काही ठिकाणी अजूनही आठ मीटर उंच आहे. दक्षिणेची बाजू मात्र उतारावरून घसरून गेली. आग्नेय कोपऱ्यातला दगडी कोट नंतरचा, मध्ययुगातला. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे १९४० साली जर्मन स्वारीच्या भीतीने अवशेषांत बांधलेले मशीनगनचे मोर्चे. त्यांना बाहेरून जुना दगड लावून असं बेमालूम रूप दिलं आहे, की सावध नसलेला माणूस त्यांनाही रोमन समजेल.

भिंतीच्या रचनेत तीन गोष्टी बघाव्यात. बाहेरचे दर्शनी दगड वालुकाश्माचे, घडवून ओळीत बसवलेले. मधला गाभा चकमकीचे गोटे, दगडाचे तुकडे आणि चुना यांचा ओतीव. आणि मधूनमधून आडवे पट्टे, कुठे लाल विटांचे, तर कुठे लोहयुक्त तपकिरी दगडाचे. हे पट्टे भिंतीला सपाट बैठक देतात आणि दर्शनी थर गाभ्याशी बांधून ठेवतात. भिंतीकडेने चालत गेलं, की ते एका रेषेत जात नाहीत हे लक्षात येतं. एका उभ्या सांध्यापाशी पट्टा संपतो आणि पलीकडे तो वेगळ्या उंचीवर सुरू होतो, क्वचित नाहीसाही होतो. काम तुकड्यातुकड्यांत वाटून दिलेलं होतं आणि प्रत्येक टोळी आपापल्या सवयीने बांधत होती. हे सांधे पुढे कामाला येणार आहेत.

तारखेच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग मात्र जमिनीखाली आहे. जागा दलदलीला लागून, जमीन मऊ. एवढ्या वजनाची भिंत तिच्यावर थेट उभी केली असती, तर ती असमान खचली असती. म्हणून आधी चर खणला, त्याच्या तळात ओकचे खुंट जवळजवळ ठोकले आणि त्यांच्या डोक्यांभोवती खडूचा दगड आणि चकमकीचे गोटे घट्ट ठासले. त्यावर लाकडी तुळयांचा आडवाउभा सांगाडा मांडून पुन्हा भर घातली आणि चुना ओतला. भिंत सुरू झाली ती याच्यावर. खुंट माती दाबून घट्ट करतात, तुळया भार सगळीकडे सारखा वाटतात.

यातलं काय टिकलं आणि काय गेलं, हे पाण्याच्या पातळीने ठरवलं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला प्राणवायू लागतो. भूजलाच्या पातळीखाली तो जवळपास नसतोच, म्हणून तिथले खुंट सतराशे वर्षं राहिले. वरच्या तुळयांना मात्र कधी पाणी, कधी हवा मिळत गेली. त्या कुजल्या आणि त्यांच्या जागी पोकळ्या उरल्या. पहिली चूक घडली ती अशाच पोकळीमुळे.

१९३० च्या दशकात एका बुरुजाच्या पायात, कुजलेल्या तुळईने सोडलेल्या पोकळीत, इ.स. ३३० ते ३३५ दरम्यानचं एक नाणं सापडलं. नाण्याचा नियम सोपा: पायाखाली सापडलेलं नाणं पाडलं गेलं, त्याच्यानंतरच पाया भरला गेला. त्यावरून किल्ला ३३५ नंतरचा, म्हणजे ३४० च्या आसपासचा ठरला आणि ती तारीख कित्येक वर्षं पुस्तकांत राहिली. पण नियम लागू होतो तो पायाने झाकलेल्या, मोहोरबंद नाण्याला. पोकळी बांधकामानंतर, लाकूड कुजल्यावर तयार झाली. तिच्यात नाणं वरून घरंगळू शकतं, उंदीर-घुशींच्या बिळातून जाऊ शकतं, दुरुस्तीच्या वेळी पडू शकतं. खोदकामात वस्तू ‘कुठे’ सापडली याला वस्तूइतकीच किंमत असते, ती यासाठी.

दुसरी चूक हेतुपुरस्सर होती. १९०७ मध्ये चार्ल्स डॉसन या वकिलाने, हौशी संशोधक म्हणून, पेव्हन्सीच्या विटा लंडनच्या विद्वानांपुढे ठेवल्या. त्यांवर रोमन सम्राट होनोरियसच्या नावाचा शिक्का होता. होनोरियसचा काळ इ.स. ४०० च्या आगेमागे, त्यामुळे त्या काळात किल्ल्याची मोठी दुरुस्ती झाली असा निष्कर्ष निघाला. १९७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ डेव्हिड पीकॉक यांनी त्या विटांची थर्मोल्युमिनेसन्स चाचणी प्रसिद्ध केली. मातीतल्या क्वार्ट्झसारख्या खनिजांत आसपासच्या किरणोत्सारामुळे इलेक्ट्रॉन अडकत राहतात. भट्टीत वीट भाजली, की हा साठा शून्य होतो आणि पुन्हा पहिल्यापासून भरू लागतो. प्रयोगशाळेत कण तापवले, की साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. तो प्रकाश मोजून एकूण मात्रा काढायची आणि वार्षिक मात्रेने भागायचं. मातीच्या भाजलेल्या वस्तूंत वार्षिक मात्रा साधारण ३ ते ५ मिलिग्रे असते (ग्रे हे किरणोत्साराची मात्रा मोजायचं एकक). सोळाशे वर्षांच्या विटेत ५ ते ८ ग्रे साठायला हवेत, सत्तर वर्षांच्या विटेत फार तर ०.३५. फरक वीस पटींहून मोठा, तिथे वादाला जागा नाही. विटा डॉसनच्या काळातच भाजलेल्या निघाल्या. १९१२ चा ‘पिल्टडाउन मानव’ हा आदिमानवाच्या कवटीचा बनाव मांडणारा डॉसन तो हाच. विद्वान फसले, कारण शिक्का त्यांना हव्या असलेल्या कथेत चपखल बसत होता. गावच्या देवळाचं वय हजारांनी वाढवून सांगणाऱ्यांवर आपणही याच कारणाने विश्वास ठेवतो.

आता खुंटांकडे. १९९० च्या दशकात मायकेल फुलफोर्ड यांच्या खोदकामात पायातले ओकचे खुंट वृक्षवलयांच्या परीक्षणासाठी काढले गेले. झाडाच्या बुंध्यात दरवर्षी एक वलय वाढतं, हे शाळेत शिकवतात. पण ‘वलयं मोजली, वय मिळालं’ एवढ्याने झाड किती वर्षांचं होतं ते कळतं, कधी तोडलं ते नाही. त्यासाठी वलयांच्या जाडीचा क्रम लागतो. पाऊसपाणी चांगलं झालेल्या वर्षी वलय रुंद, कोरड्या किंवा थंड वर्षी अरुंद. एका प्रदेशातल्या ओकांनी तीच हवा सोसलेली असते, म्हणून त्यांच्या रुंद-अरुंद वलयांचा क्रम सारखा येतो. आजच्या झाडाच्या आतली वलयं जुन्या घराच्या तुळईच्या बाहेरच्या वलयांशी जुळतात, त्या तुळईची आतली वलयं त्याहून जुन्या लाकडाशी. असं जोडत जोडत १९८४ मध्ये पश्चिम युरोपातल्या ओकची ७,२७२ वर्षांची सलग मालिका प्रसिद्ध झाली. तिच्यात एकही वर्ष गळलेलं नाही.

ओक यासाठी उत्तम, कारण वसंतात तो पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या वाहिन्यांची ठळक ओळ तयार करतो आणि उन्हाळ्यात दाट लाकूड. त्यामुळे वर्षाची सीमा नुसत्या डोळ्यांनीही दिसते आणि वलय सहसा चुकत नाही. आपल्या सागवानातही वाहिन्यांची अशीच ओळ असते. म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या मोसमी पावसाचा अभ्यास होऊ शकला. आपल्याकडच्या बहुतेक सदाहरित झाडांत वर्षाची सीमा एवढी स्पष्ट नसते आणि तिथे हा उपाय चालत नाही.

पाण्यातून काढलेलं लाकूड वाळू द्यायचं नाही, वाळलं की ते आकसतं आणि फुटतं. करवतीने आडवी चकती कापायची, ओली असतानाच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायची, मग गोठवायची. गोठल्यावर मऊ लाकूड कडक होतं आणि धारदार पात्याने पृष्ठभाग स्वच्छ तासता येतो. सूक्ष्मदर्शकाखाली सरकत्या पाटावर चकती ठेवून प्रत्येक वलयाची रुंदी ०.०१ मिलिमीटरपर्यंत नोंदवायची. साधारण ५० वलयं तरी हवीत. त्याहून कमी असतील, तर क्रम योगायोगाने भलत्याच शतकात जुळू शकतो. पायाच्या खुंटांची मोठी अडचण हीच: खुंटाला बारीक, सरळ, झपाट्याने वाढलेलं झाड पुरतं आणि अशा झाडात वलयंच थोडी. त्यामुळे कित्येक नमुने मोजायच्या आधीच बाद होतात.

जुळणीसाठी आकड्यांतून झाडाचा स्वतःचा कल काढून टाकतात, कारण तरुणपणी वलयं रुंद आणि म्हातारपणी अरुंद असतातच. मग नमुन्याची मालिका संदर्भमालिकेवर एकेक वर्ष सरकवत प्रत्येक जागी सहसंबंध काढतात. त्याचं मोजमाप ‘टी’ या संख्येत होतं. ३.५ च्या खालची जुळणी सोडून द्यायची. वरची असेल तरी ती एकाहून अधिक संदर्भमालिकांत त्याच वर्षावर यायला हवी आणि आलेख एकमेकांवर ठेवल्यावर डोळ्यांनाही पटायला हवी.

वर्ष मिळालं, तरी ते चकतीवरच्या शेवटच्या वलयाचं. झाड तोडल्याचं वर्ष सालीलगतच्या वलयात असतं. ओकचा आतला भाग, मध्यकाष्ठ, गडद आणि टिकाऊ असतो. सालीखालचं फिकट रसकाष्ठ लवकर कुजतं किंवा सुतार तासून टाकतो. ब्रिटनमधल्या बहुतेक ओकांत रसकाष्ठाची १० ते ५५ वलयं असतात. समजा, एका खुंटात मध्यकाष्ठ संपतं ते वलय इ.स. २५० चं आहे. मग झाड २६० ते ३०५ च्या दरम्यान तोडलेलं. समजा, दुसऱ्यात ती सीमा २६५ ला आहे आणि तिच्यापुढे १५ वलयं शिल्लक आहेत. मग ते २८० च्या आधी तोडलेलं नाही आणि ३२० नंतरही नाही. दोन्ही एकाच पायातले, एकाच कामासाठी तोडलेले असतील, तर सामाईक काळ उरतो २८० ते ३०५. रसकाष्ठ पूर्ण गेलं असेल, तर ‘या वर्षानंतर’ एवढंच म्हणता येतं. साल शिल्लक असेल, तर मात्र वर्षच काय, ऋतूही सांगता येतो: शेवटच्या वलयात फक्त वसंतातल्या मोठ्या वाहिन्या असतील, तर झाड उन्हाळा सुरू होतानाच पडलं.

पेव्हन्सीच्या खुंटांचं उत्तर आलं इ.स. २८० ते ३००. ओक ओला असतानाच कापायला सोपा, म्हणून खुंट तोडल्याबरोबर वापरले असणार. याच पायाखाली कराउसियस आणि आलेक्टस या ब्रिटनमधल्या बंडखोर राज्यकर्त्यांची नाणी मिळाली, आणि ती पोकळीतली नव्हती. आलेक्टसने नाणी पाडली २९३ ते २९६ मध्ये. म्हणजे निदान त्या भागाचं काम २९३ च्या आधीचं नाही आणि लाकडामुळे ते ३०० च्या फार पुढेही जात नाही. ३४० गेलं.

या पन्नास वर्षांच्या फरकाने किल्ल्याचा अर्थच बदलतो. कराउसियस हा इंग्लिश खाडीतल्या रोमन आरमाराचा प्रमुख. त्याने बंड करून ब्रिटन साम्राज्यापासून तोडलं. २९३ मध्ये त्याच्याच खजिन्याच्या अधिकाऱ्याने, आलेक्टसने, त्याला मारून सत्ता घेतली. त्याच वर्षी रोमच्या कॉन्स्टँशियस या उपसम्राटाने बंडखोरांकडून समोरच्या किनाऱ्यावरचं बुलोन्य परत जिंकलं. २९६ मध्ये रोमन सैन्य धुक्यातून उतरलं आणि आलेक्टस मारला गेला. ‘सॅक्सन चाच्यांविरुद्धचा किल्ला’ हे शाळकरी उत्तर इथे अपुरं पडतं: हा तट उभा राहत होता तेव्हा मालकाला सर्वांत मोठी भीती खुद्द रोमची होती.

अभ्यासक अँड्र्यू पिअर्सन यांच्या हिशोबाने या किल्ल्याला सुमारे ३१,६०० घनमीटर दगड आणि चुना लागला आणि जवळपास १,६०,००० मनुष्यदिवस. म्हणजे २८५ माणसं दोन वर्षं किंवा ११५ माणसं पाच वर्षं. २९३ मध्ये मोठी फौज कामाला लावली असेल, तर आलेक्टसला तट पुरा झालेला पाहता आला. ११५ च असतील, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी निम्म्याच्या आसपास भिंत बाकी होती आणि ती कॉन्स्टँशियसच्या माणसांनी वर नेली. मग त्या उभ्या सांध्यांपैकी एखाद्याच्या अलीकडचं काम बंडखोरांचं आणि पलीकडचं साम्राज्याचं असेल. त्याचा निकाल लागायचा, तर दोन्ही बाजूंच्या पायातले साल शाबूत असलेले खुंट हवेत.