अरब देशांतील पक्षाघाताचा भार

मॉरिटानियापासून ओमानपर्यंतच्या २२ अरब देशांत पक्षाघात (लकवा, मेंदूचा झटका) हे मृत्यूचे आणि कायमच्या अपंगत्वाचे एक मोठे कारण आहे. त्याचा आकडा मात्र जपून वाचावा लागतो. सौदी अरेबियाच्या पूर्व प्रांतात १९८९ ते १९९३ मध्ये, आखाती युद्धामुळे पडलेला वर्षभराचा खंड वगळून, रुग्णनोंद ठेवली गेली. सौदी नागरिकांत पहिल्या झटक्याचे प्रमाण लाखामागे वर्षाला अवघे २९.८ निघाले. तेच १९७६ च्या अमेरिकेच्या वयोरचनेप्रमाणे काढले, तेव्हा १२५.८ झाले. आजार कमी नव्हता, म्हातारी माणसे कमी होती. कच्च्या आकड्यावरून खाटा आणि तज्ज्ञ ठरवणे म्हणूनच घातक आहे. तेव्हाचे तरुण आता झटक्याच्या वयात येत आहेत.

याच नोंदीत ६९% झटके रक्तवाहिनी तुंबून आलेले होते. उच्च रक्तदाब ३८% रुग्णांत आढळला आणि मधुमेह जवळजवळ तितकाच, ३७%. या भागात मधुमेहाचे हे वजन विसरून चालत नाही: कुवेतमध्ये २०२१ च्या अंदाजानुसार चारांतल्या एका प्रौढाला तो होता. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की मेंदूच्या खोल भागातील बारीक धमन्या आतून जाड होऊन बंद पडतात. जोडीला धूम्रपान, हुक्का आणि लठ्ठपणा आहेच.

पूर्व सौदीतील कतीफ व अल-अहसा, तसेच बहरीन आणि ओमान येथे सिकलसेलमुळे (लाल रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार) लहान मुलांनाही झटका येतो. अशा मुलांची २ ते १६ वर्षे वयात दरवर्षी डोक्याची डॉपलर (ध्वनिलहरींची) तपासणी करावी; मेंदूच्या धमन्यांतील रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटीमीटर किंवा अधिक भरल्यास नियमित रक्तसंक्रमण सुरू करतात. पूर्व सौदीतील सिकलसेलचा अरब-भारतीय जनुकीय प्रकार विदर्भातही आढळतो. त्यात गर्भकालीन हिमोग्लोबिन जास्त राहत असल्याने आजार तुलनेने सौम्य असतो.

कतारसारख्या देशांत झटक्याच्या रुग्णांत दक्षिण आशियाई कामगार मोठ्या संख्येने असतात, तेही स्थानिकांपेक्षा कमी वयाचे. अनेकांना आपला रक्तदाब प्रथम रुग्णालयातच कळतो. कोकणातून गेलेला कामगार लुळा होऊन गावी परतला, की त्याच्या अपंगत्वाची पुढची वर्षे आखाताच्या हिशेबात उरत नाहीत.

गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज हे औषध झटका सुरू झाल्यापासून ४.५ तासांच्या आत द्यावे लागते: किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, कमाल ९० मिलिग्रॅम; दहावा भाग एका मिनिटात शिरेतून, उरलेले तासाभरात. त्याआधी सीटी स्कॅनने रक्तस्राव नाही याची खात्री, साखरेची तपासणी आणि रक्तदाब १८५/११० च्या खाली. घोटाळा बहुधा योग्य रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच होतो: नातेवाईक ॲम्ब्युलन्स न बोलावता, स्कॅनची सोय नसलेल्या जवळच्या दवाखान्यात रुग्णाला गाडीने नेतात. झोपेतून उठताना लकवा दिसला, तर वेळ रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात.

रमजानमध्ये औषधांचे वेळापत्रक कोलमडते. बारा तासांच्या अंतराने घ्यायचे रक्त पातळ करणारे औषध इफ्तार (सूर्यास्ताला उपवास सोडणे) आणि सहरी (पहाटेचे जेवण) यांच्यामधल्या रात्रीत नीट बसत नाही. गोळी स्वतःहून न वगळता, दिवसातून एकदाच घ्यायचा पर्याय आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.