मदिरेच्या रूपाचे बैल

होमरच्या महाकाव्यांत समुद्राला एक विशेषण पुन्हा पुन्हा लागतं: ओइनोप्स. ‘ओइनोस’ म्हणजे द्राक्षाची मदिरा, ‘ओप्स’ म्हणजे डोळा, चेहरा, रूप. मदिरेसारखं रूप आहे ज्याचं, तो. शाळेत ‘कमलनयन’चा विग्रह केलेल्यांना हा समास लगेच ओळखू येईल. युरोपातले भाषाशास्त्रज्ञसुद्धा अशा ग्रीक समासांना बहुव्रीहीच म्हणतात. शिवाय ‘ओप्स’ आणि संस्कृत ‘अक्षि’ एकाच मुळातून फुटलेले शब्द आहेत.

पण समुद्र मदिरेसारखा कसा? पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले विल्यम ग्लॅडस्टन यांनी १८५८ साली होमरवर मोठा ग्रंथ लिहिला. होमरच्या काळी ग्रीकांची रंग ओळखण्याची शक्तीच पुरती विकसित झाली नव्हती, असं त्यांनी त्यात मांडलं. हे पटण्यासारखं नाही. दोन-तीन हजार वर्षांत माणसाचे डोळे बदलत नाहीत. बदलते ती भाषेने केलेली रंगांची वाटणी.

मला विचाराल तर समुद्र सोडून आधी बैलांकडे बघावं. होमर हेच विशेषण दोनदा नांगराच्या बैलजोडीला लावतो. ‘इलियड’मधली जोडी पडीक रान नांगरते आहे, दोघं एका जिवाने ओढताहेत, शिंगांच्या बुडाशी घाम फुटलाय. हे बैल तांबूस-काळे असणार. म्हणजे हा शब्द नेमक्या रंगछटेपेक्षा गडदपणा सांगत असावा, आणि तो समुद्रालाही शोभतो.

याहून जुना धागा क्रीट बेटावर आहे. क्नोसोसच्या राजवाड्यात मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांवरची लिनिअर बी, म्हणजे ग्रीक लिहिण्याची एक प्राचीन लिपी, मायकेल व्हेंट्रिसने १९५२ साली उलगडली. या पाट्या होमरच्या कित्येक शतकं आधीच्या. काहींवर बैलजोड्यांची नोंद आहे, तीही नावांसकट: केलाइनोस म्हणजे काळा, पोदार्गोस म्हणजे पांढऱ्या पायांचा. आणि एक ‘वो-नो-क्वो-सो’. हे नाव अभ्यासक ओइनोप्सच्याच कुळातलं मानतात. सुरुवातीचा ‘व’ पुढे ग्रीकमधून गळला, लॅटिन ‘व्हिनुम’मध्ये टिकला. होमरच्या ‘एपि ओइनोपा पोंतोन’ (मदिरेच्या रूपाच्या समुद्रावर) या शब्दांत मात्र त्याची जागा अजून रिकामी आहे: दोन स्वर शेजारी येऊनही एकमेकांत मिसळत नाहीत.

ढवळ्या-पवळ्या म्हणणाऱ्यांना बैलाचं नाव रंगावरून पडण्याचं नवल नाही. क्नोसोसच्या कारकुनाने ते ओल्या मातीत कोरलं, आणि राजवाडा जळाला तेव्हा त्या आगीत पाटी भाजून पक्की झाली.