व्हिक्टोरियन फार्महाऊस (अमेरिका)

साधारण १८६० ते १९१० या काळात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम आणि ईशान्य भागांतील शेतकरी कुटुंबांनी बांधलेले लाकडी, बहुधा दुमजली घर. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीवरून (१८३७–१९०१) नाव पडले असले, तरी इंग्लंडशी या घराचे नाते नक्षीपुरतेच आहे. इंग्लंडमधले त्या काळचे शेतघर विटांचे वा दगडाचे आणि बहुतेकदा जमीनदाराच्या मालकीचे असे. अमेरिकेतले घर मात्र पाइनच्या फळ्यांचे, आणि अनेकदा त्यात राहणाऱ्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालकीचे.

पार्श्वभूमी : १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार १६० एकर सरकारी जमीन पाच वर्षे वस्ती करून, घर बांधून आणि कसून मालकीची करता येत असे. मात्र पहिले घर क्वचितच फळ्यांचे असे. जंगल असेल तेथे ओंडक्यांची खोली, आणि कॅन्सस-नेब्रास्काच्या झाडे नसलेल्या माळावर गवताच्या मुळ्यांसकट कापलेल्या मातीच्या लाद्यांचे घर. पिके साधली, कर्ज आटोक्यात आले, की मग फळ्यांच्या घराचा विचार. मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या जंगलांतला पांढरा पाइन जलमार्गाने शिकागोला उतरे आणि तेथून रेल्वेने गवताळ प्रदेशात जाई. १८६९ मध्ये रेल्वे पॅसिफिकपर्यंत पोचली. त्यानंतरच्या दोन दशकांत जागोजागी फाटे फुटत गेले आणि स्टेशनाजवळच्या वखारीत चिरलेले लाकूड, खिळे, तयार खिडक्या, कातलेले खांब सगळे मिळू लागले. आराखडे शेतीविषयक नियतकालिकांत छापून येत. ‘अमेरिकन ॲग्रिकल्चरिस्ट’सारख्या मासिकात शेतकऱ्यांनी स्वतः आखलेले नकाशेही असत. वास्तुविशारद नेमण्याची चैन फारच थोड्यांना परवडे.

मांडणी : सर्वांत साधा प्रकार म्हणजे दुमजली, दोन खोल्या रुंद आणि एकच खोली खोल असे घर. दुसरा प्रकार इंग्रजी एल अक्षरासारखा. त्यात छपराची त्रिकोणी बाजू रस्त्याकडे तोंड करून असते, बाजूला बुटका हात आणि त्या कोपऱ्यात पोर्च. हा आकार पुष्कळदा एका वेळी बांधलेला नसतो. आधीचे छोटे घर मागे स्वयंपाकघर म्हणून राहते आणि पुढचा दुमजली भाग वीस वर्षांनी जोडला जातो. पुढचा पार्लर, म्हणजे बैठकीची खोली, पाहुणे, लग्न आणि मर्तिक यांखेरीज बंद असे; घराचा खरा कारभार मागच्या दाराने चाले. स्वयंपाकघरात बिडाची शेगडी, तळघराशेजारी पावसाच्या पाण्याचे टाके, आणि ते उपसायला हातपंप. मोठ्या शेतावर मजुरांसाठी स्वयंपाकघरातून वर जाणारा वेगळा अरुंद जिना असे, आणि त्या मजुरांच्या खोल्यांना घराच्या इतर खोल्यांशी जोडणारे दार बऱ्याचदा नसे. ईशान्येकडील मेन आणि न्यू हॅम्पशर राज्यांत घर, स्वयंपाकघर, कोठार आणि गोठा एका ओळीत जोडलेले असत. हिवाळ्यात बर्फात पाऊल न टाकता गुरांपर्यंत जाता येई, पण आग लागली तर सगळेच एकदम जाई.

सांगाडा : या घराचे रहस्य नक्षीत नाही, भिंतीत आहे. जुन्या पद्धतीत आठ-आठ इंची तुळया खाचेत बसवून लाकडी खुंट्यांनी आवळीत. त्याला कुशल सुतार आणि सांगाडा उभारायला गावकी लागे. १८३० च्या दशकात शिकागोत ‘बलून फ्रेम’ ही पद्धत पुढे आली. २ × ४ इंचांचे सडपातळ खांब, मध्य ते मध्य १६ इंचांवर, पायाच्या तुळईपासून थेट छपरापर्यंत अखंड चढवायचे. वरच्या मजल्याच्या कड्या (जमीन पेलणाऱ्या आडव्या तुळया) खांबांच्या आतल्या बाजूस खाच पाडून बसवलेल्या १ × ४ इंची आडव्या पट्टीवर टेकतात आणि खांबांना खिळल्या जातात. दोन-तीन माणसे, करवत आणि हातोडा एवढ्यावर घर उभे राहते. तोटा असा, की दोन खांबांमधली पोकळी तळघरापासून माळ्यापर्यंत मोकळी असते. तळघरात ठिणगी पडली तर ज्वाळा काही मिनिटांत छपराला भिडतात. प्रत्येक मजल्यापाशी या पोकळीत आडवा लाकडी ठोकळा मारणे हा साधा उपाय आहे, पण जुन्या सुतारांनी तो बऱ्याच ठिकाणी टाळलेला दिसतो.

बाहेरून चार-पाच इंच दिसतील अशा एकावर एक चढवलेल्या तिरप्या फळ्या. आतून पाव ते तीन-अष्टमांश इंच जाड लाकडी पट्ट्या आणि त्यांवर चुना, वाळू व जनावरांचे केस मिसळलेला तीन थरांचा गिलावा. पहिला थर पट्ट्यांच्या फटींतून मागे उतरून वळतो आणि त्या वळलेल्या आकड्यांवरच सगळा गिलावा लटकून राहतो. छपरावर सीडरची लाकडी कौले, खाली अंतरा-अंतरावर ठोकलेल्या पट्ट्या. या अंतरामुळे कौलांची खालची बाजू वाळत राहते.

वय ओळखायचे तर नक्षीवर विश्वास ठेवू नये. पोर्च हा फॅशनचा भाग होता आणि १८६५ च्या साध्या घराला १८९० चा पोर्च सर्रास लागे. खिळे पाहावेत. चौकोनी छेदाचे, पत्र्यातून कापलेले खिळे १८८० च्या दशकापर्यंत चालत. गोल तारेचे खिळे १८९० च्या दशकात सर्वत्र झाले. पोर्चला तारेचे आणि भिंतीला कापीव खिळे निघाले, तर उत्तर मिळाले.

नक्षी : वाफेवर चालणारा लेथ आणि अरुंद पात्याची यांत्रिक करवत यांमुळे कातीव खांब, महिरपी आणि झालरी कारखान्यात थोक निघू लागल्या. मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस (१८७८–८८) दगडात चढत होते, त्याच वर्षांत आयोवात गॉथिक टोकदार कमान पाइनच्या लाकडात उतरत होती. या ‘सुतारी गॉथिक’चा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे आयोवातील एल्डन गावचे डिबल घराण्याचे घर (१८८१–८२). ते जेमतेम ५०४ चौरस फुटांचे आहे. उभ्या फळ्या, सांध्यांवर पट्ट्या, आणि वरच्या त्रिकोणात चर्चला शोभेल अशी एक खिडकी. चित्रकार ग्रँट वुड यांनी ते १९३० मध्ये पाहिले आणि त्यावरून ‘अमेरिकन गॉथिक’ हे चित्र काढले. पुढे उभे असलेले कडक चेहऱ्याचे स्त्री-पुरुष त्या घरातले नव्हेत. चित्रासाठी वुड यांची बहीण आणि त्यांचे दंतवैद्य उभे राहिले, तेही वेगवेगळ्या वेळी. हे घर गावात आहे, शेतात नाही. तरीही अमेरिकी फार्महाऊस म्हटले की हीच खिडकी आठवते, हा चित्राचा प्रताप.

दोष आणि दुरुस्ती : ही घरे थंड, फटींची आणि वारा खेळणारी होती, आणि त्यामुळेच कोरडी राहिली. बहुतेक नुकसान वयाने झालेले नसून नंतरच्या सुधारणांनी केलेले असते.

पाया चुनखडीच्या ओबडधोबड दगडांचा, चुन्यात बांधलेला. दगडांमधल्या दरजा (सांधे) झडल्या की कोणीतरी सिमेंट भरतो. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि ओल अडवणारे. मग ओल दगडातून बाहेर पडते, हिवाळ्यात गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. बरोबर रीत अशी : दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोलीपर्यंत जुना मसाला हाताच्या छिन्नीने काढावा, दगड भिजवावा, आणि एक भाग चुन्याला अडीच-तीन भाग टोकदार वाळू घेऊन दरज थराथरांनी भरावी. काही दिवस त्यावर गोणपाट ओले ठेवावे.

खरी धोक्याची जागा म्हणजे पायावरची तुळई. बाहेरची जमीन चढत चढत तिच्यापर्यंत आली, किंवा पन्हळ गळून पाणी तेथे पडत राहिले, की ती कुजते. बलून फ्रेममध्ये सगळे खांब तिच्यावरच उभे असल्याने तुळई एक इंच बसली की छपरासकट भिंत एक इंच बसते. अणकुचीदार टोच्या खुपसून पाहावा. अर्धा इंच सहज गेला तर लाकूड संपले. बदलताना खांबांना आडवी फळी बोल्टने जोडून तिच्याखाली जॅक लावतात आणि चार ते सहा फुटांचा तुकडा एकेका वेळी बदलतात. उचल एका वेळी एक-अष्टमांश इंचाहून जास्त नको, आणि मध्ये दिवसांचे अंतर हवे. घाई केली की वरच्या मजल्याचा गिलावा तडकतो. नवे लाकूड घेताना लक्षात ठेवावे, की आजचे ‘दोन बाय चार’ प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असते. जुने पुरे दोन बाय चार. फरक पट्ट्या घालून भरावा लागतो.

धुराडी हा वेगळाच प्रकार. शेकोटीऐवजी लोखंडी शेगड्या असल्याने धुराडे एका विटेच्या जाडीचे, आतून अस्तर नसलेले, आणि स्वस्त घरांत तर जमिनीपासून नव्हे, भिंतीतल्या लाकडी फळीवरून सुरू होणारे. अशा धुराड्याला आज शेगडी जोडू नये.

खिडक्या मात्र बदलू नयेत. त्यांचे पल्ले वर-खाली सरकतात आणि दोरीला बांधलेले वजन त्यांना तोलून धरते. जुना पाइन दाट वलयांचा आहे आणि बिघडते ती बहुधा दोरी. चौकटीच्या बाजूला स्क्रूने बसवलेली झडप काढली की आत बिडाचे वजन सापडते. नवी सुती दोरी कप्पीवरून ओवून वजनाला बांधावी. खालचा पल्ला पूर्ण वर असताना वजन तळापासून दोन-तीन इंच वर राहिले पाहिजे, नाहीतर पल्ला वर थांबत नाही.

जुन्या रंगात सफेदा, म्हणजे शिशाचे पांढरे संयुग, असते. अमेरिकेत घरगुती रंगांतून ते १९७८ मध्ये बंद झाले. त्यामुळे असा रंग कोरडा घासणे किंवा जाळणे घातक. पृष्ठभाग ओला करून खरवडावा आणि पापुद्रे ताडपत्रीवर गोळा करावेत.

सर्वांत महागात पडते ती घर उबदार करण्याची घाई. फळ्यांना भोके पाडून भिंतीत कागदाच्या लगद्याचा कापूस फुंकला जातो. पोकळी खाली मोकळी असल्याने तो तळघरात घसरतो. म्हणून आधी वरची आणि खालची तोंडे बंद करावी लागतात. स्वयंपाकघराची वाफ मग थंड फळ्यांच्या मागे जमते आणि एक-दोन हिवाळ्यांत बाहेरचा रंग सोलून निघतो. वर विनाइलचे (प्लास्टिकचे) आवरण चढवले, तर सोललेला रंग दिसत नाही आणि कुजणे चालूच राहते. तारांचाही प्रश्न असतो. १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण सुरू झाले तेव्हा दहातल्या सुमारे एका शेतावर वीज होती. त्याआधी किंवा त्याच सुमारास ओढलेल्या चिनी मातीच्या गुंड्यांवरच्या तारा मोकळ्या हवेत थंड राहतील अशा बेताने लावलेल्या असतात. त्या लगद्याखाली गाडल्या तर तापतात. भिंत भरण्याआधी माळ्यात आणि तळघरात तारा शोधून त्या बदलाव्यात, माळ्याला आधी जाड थर द्यावा, फटी बुजवाव्यात. बहुतेक घरांत एवढ्यावर भागते आणि भिंतीला हात लावावा लागत नाही.