सोमवारची पोटदुखी

नाशिकमधल्या सातपूरच्या एका शाळेत माझी मैत्रीण सातवीला शिकवते. तिच्या वर्गातल्या एका मुलाचं पोट दर सोमवारी दुसऱ्या तासाला दुखायचं. शाळेतल्या मावशी त्याला कोमट पाणी आणि चिमूटभर ओवा द्यायच्या. एकदा त्या बाईंना म्हणाल्या, “बाई, पोर नाटक करत नाही. घाम फुटतो त्याला. पण मंगळवारी कसं दुखत नाही?”

मावशींचं दोन्ही बाबतींत बरोबर होतं. मेंदूला धोका जाणवला, की अमिग्डाला नावाचा छोटा भाग आधी जागा होतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसोल ही ताणाची संप्रेरकं रक्तात उतरतात. छाती धडधडते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पोटाकडे कमी जातं, आतड्यांची हालचाल बिघडते. म्हणून ते दुखणं खरंच असतं. त्याच वेळी कपाळामागचा विचार करणारा भाग मंदावतो आणि काल रात्री पाठ असलेलं सूत्र आठवत नाही. मुलांमध्ये तर हा भाग अजून घडतच असतो. पंचविशीपर्यंत ते काम चालतं.

सोमवारी गणिताच्या चाचणीचे गुण मोठ्याने वाचून दाखवले जायचे, सगळ्यात कमी गुणांपासून.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 10 ते 19 वयातल्या दर सात मुलांमागे एकाला काही ना काही मानसिक विकार असतो. साठ मुलांच्या वर्गात आठ-नऊ जण झाले. पण मला बोलायचंय ते या आठ-नऊंना हुडकून काढण्याबद्दल नाही, ती साठही मुलं ज्या हवेत बसतात त्या हवेबद्दल.

कॅनडात चौथी ते सातवीच्या मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसोल तपासलं गेलं. 2016 साली निष्कर्ष छापून आले. ज्या वर्गांचे शिक्षक कामाने पार थकून गेले होते, तिथल्या मुलांचं सकाळचं कॉर्टिसोल जास्त होतं. कोणाचा ताण कोणाला लागला हे यावरून ठरत नाही, वांड वर्गही शिक्षकाला दमवतोच. पण दोघांचे ताण एकमेकांत गुंतलेत एवढं नक्की. परीक्षा, निवडणुकीची ड्युटी आणि ऑनलाइन माहिती भरणं यांत पिचलेल्या बाईंचा विचार न करता मुलांचं मन सांभाळू म्हणणं मला तरी पटत नाही.

याहून बोलका प्रयोग आपल्याच देशातला आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात नववीच्या मुलांसाठी शाळेचं वातावरण सुधारायचा कार्यक्रम राबवला. त्यात तक्रारपेटी होती, भित्तिपत्रिका होती, मुलांचे गट होते, एकट्याने येऊन बोलायची सोय होती. काही शाळांत तो प्रशिक्षण दिलेल्या, पण मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी चालवला, काहींत शिक्षकांनीच. समुपदेशकांच्या शाळांत वर्षभरात दादागिरी आणि नैराश्याची लक्षणं घटली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत मात्र म्हणावा असा फरक दिसला नाही. शिक्षक कमी पडले असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे गुण देण्याचं काम आहे त्याच्यापाशी मूल मोकळं होत नाही, आणि त्याला बसून ऐकायला वेळही नसतो, असं मला वाटतं.

नाशिकच्या शाळांत ऐकणारी माणसं आधीपासून आहेत. मधल्या सुट्टीत न उघडलेला डबा मावशींना दिसतो. रिक्षात आज कोण कोणाशेजारी बसायला तयार नाही, हे काकांना ठाऊक असतं. सुरगाणा-पेठच्या आश्रमशाळेत रात्री कोण रडतं, ते स्वयंपाकाच्या ताईंच्या कानावर येतं. यांना शाळेच्या बैठकीत कोणी बोलावत नाही. बोलवावं. जिथे प्रकरण हाताबाहेर जातंय असं वाटेल, तिथे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

मैत्रिणीने गुण वाचणं बंद केलं. आता ती वही मिटून ज्याच्या त्याच्या हातात देते. पोटदुखी लगेच थांबली नाही. पुढचे तीन सोमवार ओवा लागला, चौथ्या सोमवारी तो मावशींकडे नुसताच पाणी प्यायला आला.